विचारलं असतं तर

जीपच्या रेडिएटरमधून हळद निघाली तेव्हा मिस्त्री मला म्हणाला, "आबा, कालवण शिजवाय ठेवलं हुतं का काय ह्याच्यात?"

हसण्यासारखंच होतं ते. खालची तोटी सोडली तेव्हा आधी गंजाचं तांबडं पाणी आलं आणि मग पिवळा, मातकट गाळ बदाबदा घमेल्यात पडला. वास लागला नाही, पण रंग लपत नव्हता. थोरला माझ्याकडं बघायला लागला, मी घमेल्याकडं. मी टाकली नव्हती ती हळद. ज्याच्याकडनं मी 2008 साली ही जीप घेतली त्यानं टाकली असणार, किंवा त्याच्या आधीच्यानं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेडिएटर गळायला लागला आणि जवळपास गॅरेज नसलं की जुने ट्रकवाले त्यात मूठभर हळद टाकतात. गरम पाण्यात ती फुगते, पाणी जिकडनं बाहेर पळतं तिकडं तिचे कण ओढले जातात आणि चिरेत जाऊन बसतात. गळती थांबते. घाटात अडकलेल्या माणसाला घर गाठायला हा इलाज नामी आहे. पण हळदीला काय कळतं, कुठली फट आणि कुठली वाट? रेडिएटरच्या आतल्या पट्टीसारख्या बारीक नळ्यांतही ती बसते आणि मग पाणी फिरायचंच कमी होतं. गळायचं थांबलं म्हणून माणूस खूश आणि आत इंजीन तापतंय.

घरी पोचण्यासाठी टाकलेली हळद आणि गाडी विकण्यासाठी टाकलेली हळद, डबा एकच. मग एक शहाणपण आणि दुसरी लबाडी, हे कशावरून ठरवायचं? या प्रश्नाशी मी त्या वर्षी बरेच दिवस झटलो. आजही तो पुरता सुटलाय असं नाही.

जीप घेतली तेव्हा पहिले तीन-चार महिने काहीच जाणवलं नाही. मग एक दिवस टोपण काढून बघितलं तर पाणी बोटभर खाली. तांब्याभर ओतलं. आठवड्यानं पुन्हा तांब्याभर. असं करत करत दिवसाला एक तांब्या कधी झाला ते कळलंसुद्धा नाही. पाच लिटरचा कॅन मागच्या सीटखाली कायमचा जाऊन बसला. आमच्याकडं म्हणतात, "गाडी पाणी पिते." बोलायला सोपं आहे, पण गाडी काय बैल आहे पाणी प्यायला? रेडिएटरमधलं पाणी फिरून फिरून तेच वापरायचं असतं. ते कमी झालं म्हणजे कुठंतरी चाललंय. "पिते" म्हटलं की कुठं चाललंय ते बघायची जबाबदारी आपल्यावरची उतरते.

शेतातली पाइपलाइन फुटली तर चिखल दिसतो, तिथं गवत हिरवं होतं. गाडीचं तसं नाही. तापलेल्या इंजिनावर थेंब पडला की चुर्र करून वाळतो. खाली जमीन कोरडी. मागं राहतो तो नुसता डाग, पांढरा नाहीतर तांबूस, तोही धुळीत मिसळलेला. काही गळत्या इंजीन थंड असतानाच दिसतात, कारण थंडीत रबर आणि क्लिप आखडतात आणि तापल्यावर फट मिटते. काही उलट्या, पाणी तापून दाब चढल्याशिवाय थेंबसुद्धा देत नाहीत. त्यामुळं बॉनेट उघडून एकदा डोकावलं आणि "काय दिसत नाही बुवा" म्हणून मिटवलं, तर तो शोध नव्हे. मी सात वर्षं एवढंच केलं.

काटाही फसवतो. माझा विश्वास तापमानाच्या काट्यावर होता. एकदा वर्धनगडच्या घाटात काटा चढता चढता एकदम खाली आला. मी म्हटलं, झाली गार. पुढं दोन वळणांवर बॉनेटमधून वाफेचा लोट. मिस्त्रीनं नंतर समजावलं की काट्याची कळ पाण्यात बुडालेली असते, पाणी तिच्या खाली गेलं की ती पाण्याचं तापमान दाखवेल कुठून? संकट वाढल्यावर काटा खाली येतो. हे ऐकून मला कशाकशाची आठवण झाली ते इथं लिहीत नाही, गावात राहायचंय.

2015 साली थोरल्यानं मालवाहू गाडी घेतली आणि जीप विकायची ठरली. वैशाखात वडूजकडचा एक पोरगा बघायला आला. पंचविशीचा असेल. नोकरी मिळत नव्हती, वडाप करणार म्हणाला. आमच्या भागात एसटी गेल्यावर माणसं ज्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसतात ते वडाप. बायाबापड्या, शाळेतली पोरं, बाजारच्या पाट्या, सगळं त्यातच. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितले, स्टार्टर मारला. बॉनेटला हात लावणार तेवढ्यात थांबला आणि म्हणाला, "जाऊ द्या आबा. तुमची गाडी म्हंजी बघायलाच नको." ऐंशी हजाराला ठरली. पाच हजार इसार हातावर ठेवून गेला.

रात्री जेवताना मी म्हणालो, "त्याला पाण्याचं सांगायला पायजे हुतं."

थोरला म्हणाला, "सांगणार काय पण? कुठनं गळतंय हे आपल्याला तरी कुठं म्हाईत हाय?"

बोलणं बिनतोड होतं. खोटं बोलायचं नव्हतंच कुणाला. माहीत नाही ते कसं सांगणार? पण मी अंथरुणावर पडलो आणि हेच वाक्य उराशी बसलं. आपल्याला माहीत नाही. का माहीत नाही? सात वर्षं रोज सकाळी तांब्या घेऊन कोण उभं राहत होतं? मी मुद्दाम कधी शोधलं नाही. शोधलं असतं तर खर्च करावा लागला असता, आणि केला नसता तर सांगावं लागलं असतं. न शोधण्यात दोन्हीची सुटका होती. मी माझं अज्ञान पाळलं होतं, दावणीला बांधून, वेळेवर पाणी पाजून.

माझा एक भाचा साताऱ्याला वकिली करतो. त्याला फोनवर विचारलं, कायदा काय म्हणतो? तो हसला. म्हणाला, "मामा, 1872 सालच्या करार कायद्यात नेमका तुमचाच प्रश्न आहे, फक्त जीपऐवजी घोडा आहे." सतराव्या कलमाखाली इंग्रजांनी उदाहरणं दिलेली आहेत. एकानं लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तो गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. मला हायसं वाटलं. पण भाचा थांबला नाही. घेणारी स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असली तर त्या नात्यामुळं बापानं सांगायला पाहिजे. आणि घेणाऱ्यानं म्हटलं की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालतो, आणि तरी विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच. 

मी विचारलं, "आणि घेणारा म्हणाला, तुमचा घोडा म्हंजी बघायलाच नको, तर?"

भाचा जरा थांबून म्हणाला, "मग मामा, कोर्टात बघावं लागंल." 

दीडशे वर्षांपूर्वी साहेबानं घोडा घातला, कारण त्याच्याकडं घोडे होते. आमच्याकडं बैल होते. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना वडलांबरोबर खरसुंडीला गेलो होतो, पौषातल्या यात्रेला. सिद्धनाथाचं दर्शन आणि खिल्लार जनावरांचा बाजार, दोन्ही एका फेरीत. आमच्याकडं एक सहा दाती खोंड होता. पांढराफेक, शिंगं अशी की कुणीही वळून बघावं. पण ऊन चढलं की जुवाखाली बसायचा. मग मारा नाहीतर पाया पडा, उठायचा नाही. बाजारात दात बघतात, खूर बघतात, शेपूट पिळून बघतात. पण बसायची खोड सकाळच्या गारव्यात दिसत नाही. दलालानं रुमालाखाली वडलांची बोटं धरली, सौदा झाला. आटपाडीकडचा एक शेतकरी होता, साधा, सगळे पैसे दोन-दोनदा मोजून दिले त्यानं. वडलांनी कासरा त्याच्या हातात दिला. 

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "बसतोय ते सांगितलं न्हाई?" 

वडील म्हणाले, "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्यांनी खरंच सांगितलं असतं, हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर त्यांनी कुणाला उघड खोटं सांगितलेलं मी ऐकलं नाही. पण पुढं ते खरसुंडीच्या यात्रेला कधी गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. पंढरीला मात्र त्याच गुडघ्यांनी चालत जायचे. मी त्यावरून त्यांना कधी बोललो नाही. त्यांनी मला शिकवलं ते सगळं चांगलं मी घेतलं आणि हे एक वाक्यही त्यातच आलं असणार, बियाण्यात तण येतं तसं.

सकाळी मी मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं आधी वाईटातली वाईट शंका काढून टाकली. ऑइलची काडी ओढून बघितली. हेड गॅस्केट जळून पाणी आत ऑइलमध्ये जात असेल तर ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. आमचं काळं होतं. मग टोपण काढून, गाडी थंड असतानाच, इंजीन चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडात बघत राहिला, बुडबुडे येतात का. नाही आले. धुराड्यातून पांढरा धूरही नव्हता. म्हणजे गळती बाहेरची होती, आणि बाहेरची गळती सापडते. एक सांगून ठेवतो, गरम गाडीचं टोपण कधीही काढू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. दर पौंडाच्या दाबाला साधारण दीड अंशानं उकळबिंदू वर जातो, म्हणून ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण काढलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

मग ती हळद निघाली. तीन-चार वेळा पाणी भरून काढून टाकल्यावर नितळ आलं. मिस्त्री म्हणाला, "आता खरी गाडी दिसंल." आणि दिसलीच. टोपणाच्या जागी त्यानं एक हातपंप बसवला, सायकलच्या पंपासारखाच, पण त्याला घड्याळ. टोपणावर दाबाचा जो आकडा छापलेला असतो तेवढा दाब दिला आणि सगळे गप्प उभे राहिलो. घड्याळाचा काटा हळूहळू उतरायला लागला. इंजीन बंद, थंड, आवाज कसला नाही. नुसतं टप्, टप्. सात वर्षांत मला पहिल्यांदा ते ऐकू आलं.

खालच्या होज पाइपाची क्लिप इतकी आवळलेली होती की तिनं रबरच कापलं होतं. पाइप बोटांनी दाबला तर वाळक्या भेंडीसारख्या चिरा पडल्या. तो बदलला. पुन्हा दाब, पुन्हा काटा उतरला, जरा सावकाश. इंजिनाच्या अंगाला लोखंडी वाट्या ठोकलेल्या असतात, ओतकामात राहिलेली भोकं बुजवायला. धुराड्याच्या बाजूची एक वाटी आतून गंजून सुईच्या टोकाएवढी फुटली होती. तिथं कायम ऊब, म्हणून ओल कधी दिसलीच नाही, नुसता तांबडा ओघळ. मी नुसतं बोअरचं पाणी ओतत आलो त्याचं ते फळ. आमचं पाणी जड, अंघोळीच्या बंबात दर वर्षी क्षाराचा थर चढतो, तोच गाडीच्या पोटात चढला होता. कूलंट घातलं असतं तर गंज धरला नसता. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी असा माझा समज होता. तो रंग ओळखीपुरता असतो, काम करतात ती आतली औषधं. ते विषारी असतं, वर चवीला गोड. सांडलेलं कुत्र्यानं चाटलं तर त्याची मूत्रपिंडं जातात. मिस्त्रीनं नवं कूलंट ओतताना आमच्या काळ्याला आधी बांधायला लावलं.

तिसरी जागा वॉटर पंप. पंप फिरत असतो, त्याच्या दांड्यावर पाणी अडवणारं सील असतं आणि सीलच्या पलीकडं बेअरिंग. सील झिजलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तिथनं थेंब पडायला लागले की समजायचं, पंप बदलायची वेळ आली. पंप स्वतःच्या तोंडानं सांगत असतो म्हणा ना.

मिस्त्रीनं बॅटरी मारली आणि कपाळाला हात लावला. त्या भोकावर एमसीलचा गोळा थापलेला होता. "कुठल्या गाढवानं केलंय हे? बेअरिंग पाण्यानं खाल्लंय. मोडलं असतं तर पंखा सुटून रेडिएटरमधी घुसला असता. भरल्या वडापात! आबा, तुम्हाला गाडी इकणारा माणूस लई हरामी."

थोरला म्हणाला, "हळद टाकणाऱ्याचंच काम."

मी काही बोललो नाही.

तो गोळा मी लावला होता. आदल्या हिवाळ्यात, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या आदल्या दिवशी. घरची सगळी जायची होती, सकाळी पंपाखाली थेंब दिसला, बोट लावलं तर भोक. मला वाटलं, झिजून पडलंय. गाडीला कुणी मुद्दाम भोक कशाला ठेवील? पुसून कोरडं केलं, एमसील मळला, थापला. थेंब थांबला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, कुणाला सांगायचंच राहिलं. म्हणजे सात वर्षांत एकदा मला गळती सापडली होती आणि तिचं मी हे केलं होतं. 

गोळा माझा होता हे मी मिस्त्रीला त्या वेळी का सांगितलं नाही? त्यात पैशाचा प्रश्न नव्हता, पंप बदलायचाच होता. विकणं-घेणं काही नव्हतं. पोरगा समोर होता, एवढंच. आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर ते आयतं पडलं होतं, मला तर तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं.

रेडिएटर साताऱ्याला नेला. तिथल्या कारागिरानं वरखालची टाकी उघडून नळ्यांतनं पट्ट्या घालून घाण काढली, सांध्याला झाळ दिली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा पाण्याच्या हौदात बुडवून हवा मारून दाखवला. एक बुडबुडा नाही. परत बसवून दाब दिला, आम्ही तिघांनी चहा घेतला तरी काटा जागचा हलला नाही. सगळा मिळून खर्च सहा हजार चारशे. दोन दिवस. सात वर्षं तांब्या वाहत होतो त्याचं औषध एवढंच होतं.

पोरगा गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला बॉनेट उघडायला लावलं. काय काय बदललं ते दाखवलं, हळदीचं सांगितलं, इंजीन दोन-तीनदा चांगलंच तापलेलं आहे तेही सांगितलं, म्हणजे पुढं-मागं गॅस्केट जाऊ शकतं. तो ऐकत राहिला. जरा नाराजही झाला असं मला वाटलं. सगळं ठीक आहे एवढंच ऐकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मग तो म्हणाला, "मग थोडं कमी करा की आबा." खर्च मी केला, खरं मी सांगितलं आणि वर पैसेही मीच कमी करायचे, याचा क्षणभर राग आला. तीन हजार कमी केले. एमसीलचं बोलणं निघालं तेव्हा थोरलाच म्हणाला, आधीच्या मालकानं लावलेला. पोरग्यानं मान हलवली. मी कूलंटचा उरलेला डबा त्याच्या सीटखाली ठेवत होतो, ठेवत राहिलो.

दोन वर्षांनी पुसेगावच्या बाजारात तो आधीचा मालक भेटला. म्हातारा झाला होता, काठी आली होती. मला ओळखलं. टपरीवर बसलो. इकडचं-तिकडचं, पाऊस-पाणी, बटाट्याचा दर. मग म्हणाला, "जीप काय म्हणतीय?"

"विकली."

"पाणी पीत हुती का ओ?"

मी म्हटलं, "थोडं."

तो कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "सांगावं म्हणलं हुतं तुम्हाला. पण तुम्ही बॉनेटसुदिक उघडून बघितलं न्हाई." 

मी हळदीचं विचारलं नाही. आमच्या गावच्या गॅरेजात त्या एमसीलपायी अजून त्याला शिव्या बसतात, तेही सांगितलं नाही. तो खिशात हात घालायला लागला तेव्हा त्याचा हात धरला आणि चहाचे पैसे मी दिले.